पतसंस्थेत तरलता कशी ठेवायची की नियमही पाळला जाईल आणि नफाही खाल्ला जाणार नाही

तरलता म्हणजे ठेवीदार मागायला आला की लगेच देता येईल असा मोकळा पैसा, आणि ठेवींच्या ठरावीक टक्के इतका तो ठेवायचाच हा नियम आहे. पुण्यातल्या आणि आजूबाजूच्या पतसंस्थांचे हिशोब बघताना एक वाक्य दर वेळी ऐकायला मिळतं, "साहेब, ही तरलता ठेवायला लागते म्हणून आमचा नफा दिसत नाही." मग पत्रकं मागवली की कळतं की तरलतेने नफा खाल्लेला नसतो, ती ज्या पद्धतीने ठेवलीये त्या पद्धतीने खाल्लेला असतो. आधी कर्ज वाटून मोकळं व्हायचं, उरलेलं बँकेत टाकायचं, महिना संपत आला की टक्केवारी जुळवायला धावपळ करायची. क्रम उलटा आहे आणि सगळा तोटा तिथेच होतो.

हा लेख चेअरमन, संचालक, व्यवस्थापक आणि अकाउंटंट लोकांसाठी आहे. क्रमाने करा, मधला टप्पा गाळू नका, कारण दुसऱ्या टप्प्यातला आकडा चुकला तर तिसऱ्यात काढलेली किंमत चुकते आणि त्यावर ठरवलेला कर्जाचा व्याजदरही चुकतो.

## आधी तयारी: टेबलावर काय काय हवं

बसण्याआधी हे सगळं काढून ठेवा, नाहीतर अर्ध्यात उठावं लागतं आणि मग आकडे अंदाजाने टाकले जातात.

- कालच्या तारखेचं तेरीज पत्रक (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी). मार्चअखेरचं नाही, कालचंच.
- गुंतवणूक रजिस्टर आणि मूळ ठेव पावत्या. झेरॉक्सवर काम करू नका, पावतीवर बँकेने बोजा नोंदवलाय का ते मूळ कागदावर आणि बँकेच्या पत्रावरच कळतं.
- प्रत्येक बँकेचा शिल्लक दाखला.
- पुढच्या १२ महिन्यांत मुदत संपणाऱ्या ठेवींची महिनावार यादी. सॉफ्टवेअरमधून निघते, पण दामदुप्पट आणि मासिक प्राप्ती योजना वेगळ्या काढून घ्या.
- सगळ्यात मोठ्या २० ठेवीदारांची यादी. एका घरातले सगळे एकत्र धरून करा, नवरा, बायको, मुलगा, सून अशी चार नावं असली तरी पैसे काढायचा निर्णय एकाच स्वयंपाकघरात होतो.
- तुमचे उपविधी आणि तरलतेबद्दलचं सध्या लागू असलेलं परिपत्रक.

तपासा: तेरजेतली बँक शिल्लक आणि बँकेचा दाखला जुळतोय का? जुळत नसेल तर आधी बँक मेळ पत्रक (आपल्या आणि बँकेच्या नोंदीत फरक कुठे आहे ते दाखवणारं) पूर्ण करा, बाकी सगळं नंतर.

## टप्पा १: नियम नेमका कोणता आणि कशावर

तुमची संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असेल तर राज्याच्या निबंधकाचे आदेश लागू, मल्टीस्टेट (एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी) असेल तर २००२ चा केंद्राचा कायदा आणि केंद्रीय निबंधक. शेजारच्या संस्थेचा अकाउंटंट सांगतो म्हणून त्यांची टक्केवारी उचलू नका, ते मल्टीस्टेटवाले असू शकतात. टक्केवारी परिपत्रकाने बदलते, त्यामुळे जे परिपत्रक वापरलं त्याची तारीख आणि क्रमांक हिशोबाच्या कागदावर वरच लिहा. लेखापरीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो.

या लेखात मी उदाहरणासाठी ठेवींच्या २५ टक्के धरतोय. तुमचा आकडा तुमच्या परिपत्रकातून घ्या, पद्धत तीच राहते.

टक्केवारीपेक्षा जास्त चुका होतात त्या पायात, म्हणजे टक्के कशावर काढायचे यात. बऱ्याच ठिकाणी ३१ मार्चच्या ठेवी वर्षभर धरून बसतात, आणि तोपर्यंत ठेवी दीड-दोन कोटीने वाढलेल्या असतात. म्हणजे कागदावर २५ टक्के, प्रत्यक्षात २१. दुसरं म्हणजे मुदत ठेवी धरायच्या आणि पिग्मी (एजंट रोज गोळा करतो ती), आवर्त, बचत या विसरायच्या. पिग्मी तर सगळ्यात आधी बाहेर जाणारा पैसा आहे. मुदत संपलेल्या पण सभासद न्यायला न आलेल्या ठेवी वेगळ्या खात्यात टाकलेल्या असतात, त्या पण देणंच आहेत, त्याही धरा.

सावधान: संचालकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या ठेवी "त्या काही निघणार नाहीत" म्हणून वगळायच्या नाहीत. गडबडीत पहिली पावती कोणाची मोडली जाते हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये.

## टप्पा २: खरी तरलता मोजा, कागदावरची नाही

आता गुंतवणूक रजिस्टर घ्या आणि प्रत्येक पावतीला एकच प्रश्न विचारा, ही उद्या सकाळी मोडली तर पैसे कोणाची परवानगी न घेता माझ्या खात्यात येतील का? उत्तर सरळ "हो" नसेल तर ती वजा करा.

काय वजा होतं:

१. ज्या पावत्या तारण ठेवून बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेतलाय त्या. इथे एक बारकावा आहे जो हमखास सुटतो. लिमिट मंजूर झाली पण एक रुपयाही उचलला नाही, तरी बँक बोजा मंजुरीच्या दिवशीच टाकते. वापरली नाही म्हणजे पावती मोकळी आहे असं नाही.

२. राखीव निधीची गुंतवणूक. महाराष्ट्राच्या कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्याच्या किमान २५ टक्के राखीव निधीत जातो, आणि त्याची गुंतवणूक वेगळी दाखवायची असते. तीच पावती एकदा राखीव निधीत आणि एकदा तरलतेत, असं दोनदा मोजलेलं खूप ठिकाणी दिसतं. एका रुपयाला दोन कामं लावू नका.

३. येणे व्याज. ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतं पण खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला ते देता येत नाही.

४. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आलेल्या (पैसे काढण्यावर बंधन) किंवा अवसायनात गेलेल्या (बंद करून हिशोब मिटवायला काढलेल्या) बँकेतल्या ठेवी. पूर्ण वजा, आणि त्यावर तरतूद (बुडेल म्हणून नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम) किती केलीये ते वेगळं बघा.

५. दुसऱ्या पतसंस्थेत ठेवलेल्या ठेवी. नियमात बसतात की नाही हा एक भाग, पण गर्दी होते तेव्हा ती दोघांकडे एकदमच होते, हे जास्त महत्त्वाचं.

सोनेतारण कर्ज लवकर वसूल होतं, ठेवतारण कर्ज सुरक्षित असतं, हे खरं. पण दोन्ही कर्जच आहेत, तरलतेच्या रकान्यात त्यांना जागा नाही.

हातशिल्लक धरा, पण उपविधीतल्या मर्यादेइतकीच. तिजोरीत रोख जास्त ठेवली म्हणजे तरलता चांगली, हा समज काढून टाका. एकतर चोरीची जोखीम, दुसरं त्यावर व्याज शून्य, आणि तिसरं म्हणजे २०,००० रुपये किंवा त्यापुढची ठेव व्याजासकट रोखीने परत करायला आयकर कायदा देतच नाही, चेक नाहीतर खात्यावरच वर्ग करावी लागते. त्यामुळे मोठ्या ठेवीदारासाठी तिजोरीतली रोख कामाचीच नाही, बँकेच्या खात्यात पैसे असायला हवेत.

तपासा: वजाबाकीनंतरचा आकडा भागिले कालच्या ठेवी. हा टक्का आणि तुम्ही निबंधकांना कळवता तो टक्का यात फरक किती? दोन टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जायच्या आधी संचालक मंडळाला तोंडी नाही, लेखी सांगा.

## टप्पा ३: तरलतेची किंमत काढा

लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे, त्यामुळे कागद पेन घेऊन बसा. "तरलतेमुळे नुकसान होतं" म्हणणाऱ्या संस्थांपैकी बहुतेकांनी ते नुकसान रुपयांत कधी मांडलेलंच नसतं.

एक नमुना संस्था धरू. ठेवी १० कोटी, स्वनिधी म्हणजे भागभांडवल आणि राखीव धरून १ कोटी. एकूण ११ कोटी. यातले ५० लाख राखीव निधीच्या वेगळ्या गुंतवणुकीत, ३० लाख फर्निचर, डिपॉझिट, इतर मालमत्तेत. २५ टक्क्यांप्रमाणे २.५ कोटी आणि वर २० लाख जास्तीचे, अशी २.७ कोटी तरलता. उरले ७.५ कोटी, ते कर्जात.

आता उत्पन्न. कर्जावर कागदोपत्री १३ टक्के असतील, पण थकबाकी धरून हातात १२ टक्केच येतात असं समजू, म्हणजे ९० लाख. तरलतेतले २० लाख हातशिल्लक आणि चालू खात्यात, व्याज शून्य. बाकी २.५ कोटी ६.८ टक्क्यांनी, म्हणजे १७ लाख. राखीव निधीचे ५० लाख त्याच दराने ३.४ लाख. बेरीज ११०.४ लाख.

खर्च. ठेवींवर सरासरी ८ टक्के, म्हणजे ८० लाख. पगार, भाडं, पिग्मी कमिशन वगैरे २० लाख. तरतुदीच्या आधी उरतात १०.४ लाख.

आता तरलतेची किंमत. २.७ कोटी गोळा करायला ८ टक्क्यांनी २१.६ लाख लागले, त्यातून १७ लाख आले. फरक ४.६ लाख. हा तुमचा तरलतेचा वर्षाचा खर्च, आणि तो सोसायचा आहे ७.५ कोटीच्या कर्जाने, म्हणजे दर शंभर रुपये कर्जामागे साधारण ६१ पैसे.

६१ पैसे. "नियमाने आमचा नफा बुडवला" असं सांगणाऱ्या संस्थेला हा आकडा दाखवला की ते पुन्हा पुन्हा बेरीज करतात. कर्जाचा दर ठरवताना हे ६१ पैसे आधीच धरलेले असतील तर नियम तुमच्या नफ्यातून काही नेत नाही. धरलेले नसतील तर ते नफ्यातून जाणारच.

आता त्याच संस्थेत फक्त एक बदल करू. चालू खात्यात २० लाखांऐवजी ६० लाख पडून आहेत, कारण कोणी लक्षच दिलं नाही. जास्तीच्या ४० लाखांवर ६.८ टक्के म्हणजे २.७२ लाख गेले. १०.४ लाख नफ्याच्या संस्थेत चौथा हिस्सा निव्वळ दुर्लक्षाने गेला आणि नियमाचा यात काही संबंध नाही. मी म्हणतो ते हेच की नियमाचा खर्च छोटा असतो, तरलता कशीतरी ठेवण्याचा खर्च मोठा.

उलट बाजूही बघू, कारण बोर्डात हा मुद्दा कोणीतरी काढतोच. समजा संस्थेने तरलता १.५ कोटीवर आणली आणि १.२ कोटी कर्जात घातले. ६.८ ऐवजी १२ टक्के, म्हणजे ५.२ टक्के जास्त, वर्षाला ६.२४ लाख. नफा १०.४ वरून साडेसोळाच्या पुढे गेला, मार्चला सगळे खूष. पण दिवाळीच्या आधी ठेवी निघायला लागल्या, हातात काही नाही, मग ठेवींचा दर वाढवून नवीन पैसा ओढायला लागतो. दर फक्त अर्धा टक्का वाढवला आणि पावत्या नूतनीकरण होत होत तो सगळ्या १० कोटीवर पसरला की ५ लाख गेले. आणि घाईत वाटलेल्या त्या १.२ कोटीतलं एखादं १० लाखांचं कर्ज थकलं की उरलेला फायदा संपून खिशातले घालायची वेळ. शिवाय वाढवलेला दर पुन्हा खाली आणणं किती अवघड आहे ते व्यवस्थापकांना विचारा.

तपासा: तुमच्या संस्थेचे हेच चार आकडे काढा. सरासरी ठेव खर्च, तरलतेवरचं प्रत्यक्ष उत्पन्न (पावतीवरचा दर नाही, एकूण व्याज भागिले एकूण तरलता, चालू खातं धरून), फरक, आणि शंभर रुपये कर्जामागे पैसे. एक रुपयाच्या वर जात असेल तर पुढचे दोन टप्पे नीट वाचा.

## टप्पा ४: पैसा कुठे ठेवायचा

महाराष्ट्राच्या कायद्याच्या कलम ७० मध्ये संस्थेचा निधी कुठे गुंतवता येतो त्याची यादी आहे. ती यादी ही परवानगी आहे, सुरक्षिततेची हमी नाही. यादीत बसणारी बँकसुद्धा अडचणीत येते.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला, शिवाजीराव भोसले बँकेचा २०२१ मध्ये, पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा २०२२ मध्ये. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंतच आहे, ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. तुमची पतसंस्था त्या बँकेसाठी एकच ठेवीदार आहे, एक कोटी ठेवा नाहीतर चार कोटी, विमा ५ लाखच. पीएमसी बँकेचं काय झालं ते बघा, सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध, जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण, आणि संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेचे ८० टक्के १ टक्का लाभांशाच्या प्रेफरन्स शेअरमध्ये रूपांतरित, उरलेले २० टक्के इक्विटी वॉरंटमध्ये (पुढे बँकेचे शेअर मिळायचा हक्क). आपल्या सभासदाला ८ टक्के द्यायचे आणि आपल्याला मिळणार १, तेही बँकेला नफा झाला तर. ही गुंतवणूक वर्षानुवर्षं नफा-तोटा पत्रक ओढत राहते.

म्हणून:

१. एका बँकेत एकूण तरलतेच्या जास्तीत जास्त किती टक्के, हे ठरावाने बांधून घ्या. माझं मत, नागरी सहकारी बँक असेल तर एका बँकेत दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नको.

२. पाव-अर्धा टक्का जास्त देणाऱ्या बँकेकडे जाण्याआधी तिचा ताजा वार्षिक अहवाल बघा, निव्वळ एनपीए (थकीत कर्जं, तरतूद वजा करून), भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल किती), लेखापरीक्षण वर्ग, आणि रिझर्व्ह बँकेची काही कारवाई चालू आहे का. नमुना संस्थेत ५० लाखांवर अर्धा टक्का जास्त म्हणजे वर्षाला २५ हजार. त्यासाठी ४५ लाख टांगणीला लावायचे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा.

३. रोजच्या व्यवहाराचं खातं आणि ठेवी एकाच बँकेत ठेवू नका. त्या बँकेवर निर्बंध आले तर दोन्ही हात एकदम बांधले जातात.

कराचा मुद्दा इथेच बघून घ्या. सभासदांना कर्ज देऊन मिळालेल्या उत्पन्नाला आयकरात सूट मिळत आलीये, जुन्या कायद्यातलं ८०पी. पण बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचं वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने टोटगार्स सोसायटीच्या २०१० च्या निकालात शिलकी पैशावरचं व्याज "इतर उत्पन्न" धरलं, आणि तेव्हापासून आयकर खातं याच व्याजावर बोट ठेवतं. सहकारी बँकेतलं व्याज आणि राष्ट्रीयीकृत किंवा खाजगी बँकेतलं व्याज यांना एकसारखी वागणूक मिळेल असं धरून चालू नका. तुमच्या सीएकडून करानंतरचा दर काढून घ्या आणि मगच तुलना करा, नुसते पावतीवरचे दर शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही.

सावधान: कर वाचतोय म्हणून सगळी तरलता एकाच प्रकारच्या बँकांत नेऊ नका. सुरक्षितता आधी, वेळेत पैसे मिळणं दुसरं, व्याजदर तिसरा, कर चौथा. हा क्रम बदलायचा नाही.

## टप्पा ५: पावत्यांच्या मुदती पायरी-पायरीने लावा

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण सगळं तीन महिन्यांच्या पावत्यांत ठेवतात, दर कमी मिळतो. काही जण दर चांगला म्हणून तीन वर्षांची एकच एक कोटीची पावती करतात आणि १० लाख लागले की ती अख्खी मोडतात, आणि मुदतपूर्व मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड पूर्ण कोटीवर जातो.

आधी बाहेर जाणारा पैसा समजून घ्या. मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी काढलीये ना, तिच्यासमोर मागच्या वर्षी त्या त्या महिन्यात किती टक्के नूतनीकरण झालं ते लिहा. योजनावार लिहा, कारण ज्येष्ठ नागरिकांची मासिक प्राप्ती बहुतेक वेळा परत तिथेच राहते पण दामदुप्पट झाली की मुलीचं लग्न, फ्लॅटचं डाऊन पेमेंट, असं काहीतरी ठरलेलंच असतं आणि रक्कम एकदम जाते.

आपल्याकडचे महिने पण ठरलेले आहेत. एप्रिल-मे लग्नसराई, जूनला शाळा-कॉलेजच्या फिया, गणपतीआधी छोटे व्यापारी माल भरायला पिग्मी काढतात, दिवाळीआधी मार्केटयार्ड आणि हडपसर पट्ट्यात पिग्मी खाती बंद व्हायची रांग. भोसरी-चाकणच्या कामगार सभासदांचा बोनस दिवाळीला आत येतो, पण आत येणारा पैसा आणि बाहेर जाणारा पैसा यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडतं, आणि अडचण नेमकी त्या अंतरात होते. तुमच्या शाखेचा स्वतःचा नकाशा काढा, कात्रजची शाखा आणि चाकणची शाखा सारखी चालत नाही.

मग नमुना संस्थेचे २.७ कोटी असे लावता येतात:

- ५ लाख हातशिल्लक, १५ लाख बँक खात्यात.
- ५० लाख दोन-तीन महिन्यांच्या पावत्यांत, फिरते.
- १.२ कोटी एक वर्षाच्या पावत्यांत, १० लाखांची एक अशा १२, दर महिन्याला एक सुटेल अशी.
- ८० लाख एक ते दोन वर्षांच्या, पण त्याही १० लाखांच्या तुकड्यांत.

पहिल्यांदा लावताना १२ पावत्या एकाच दिवशी एक वर्षासाठी करू नका, सगळ्या एकाच दिवशी सुटतील. पहिल्या वर्षी एक महिना, दोन महिने, तीन महिने अशा वेगवेगळ्या मुदतीच्या करा, सुटेल तशी प्रत्येक पुढे एक वर्षासाठी टाका. वर्षभरात आपोआप रांग लागते. ज्या महिन्यात जावक मोठी आहे, म्हणजे समजा ऑक्टोबर, त्या महिन्याला एकाऐवजी तीन पावत्या येतील असं बघा.

ऑटो रिन्यूअल बंद ठेवा. पावती सुटल्यावर पैसे खात्यात आलेच पाहिजेत आणि पुढचा निर्णय माणसाने घेतला पाहिजे.

ओव्हरड्राफ्ट लिमिट अडीअडचणीला हवीच असेल तर ती नियमाच्या वरच्या जास्तीच्या पावत्यांवर घ्या, इथे ते २० लाख. नियमाच्या २.५ कोटीतल्या पावतीला हात लावायचा नाही, वर सांगितलंय तसं बोजा पडला की ती मोजणीतून बाहेर.

तपासा: पुढच्या १२ महिन्यांत एकही महिना असा आहे का जिथे जावक अंदाज मोठा आणि सुटणारी पावती शून्य? असेल तर आजच एक पावती फिरवा.

## टप्पा ६: कर्जासाठी किती हे सगळ्यात शेवटी ठरवा

सुरुवातीला क्रम उलटा म्हटलं ते हे. सोमवारी सकाळी व्यवस्थापकाने कर्ज समितीला एकच आकडा द्यायचा, या आठवड्यात कर्जासाठी मोकळे किती. तो असा निघतो: बँक शिल्लक अधिक सुटणाऱ्या पावत्या अधिक अपेक्षित वसुली (मागणी नाही, मागच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष जमा झाली त्या हिशोबाने), वजा परत जाणाऱ्या ठेवी, वजा खर्च, वजा तरलता नियमाला कमी पडत असेल ती रक्कम. उरेल तेवढंच.

नवीन ठेव आली की तिचा चौथा हिस्सा कर्जासाठी नाहीच, हे डोक्यात पक्कं असू द्या. ४० लाखांची ठेव आली म्हणून ४० लाखांचं कर्ज मंजूर करणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि ती मोठ्या ठेवीदाराच्या नातेवाईकालाच कर्ज हवं असतं तेव्हा हमखास होते.

कर्जाचा दर ठरवताना तिसऱ्या टप्प्यातले पैसे त्यात घाला. ठेवीचा खर्च, कार्यालयीन खर्च, थकबाकीची तरतूद, तरलतेचा खर्च, आणि मग तुमचा फरक. शेजारच्या संस्थेपेक्षा पाव टक्का कमी, असा दर ठरवणं थांबवा.

सीडी रेशो, म्हणजे ठेवींच्या मानाने कर्ज किती टक्के, तो याच टप्प्यात येतो. तरलता नीट राखली तर सीडी रेशो सहसा आपोआप मर्यादेत राहतो, पण दोन्ही वेगळे मोजा. पाच-सात वर्षांची घरतारण कर्जं एक वर्षाच्या ठेवींवर चालवत असाल तर दोन्ही प्रमाणं नियमात असूनसुद्धा हात रिकामे होऊ शकतात. एकूण कर्जात लांब मुदतीची किती, हा आकडा बोर्डासमोर दर तिमाहीला असावा.

सावधान: मार्चअखेरीला शेवटच्या आठवड्यात कर्ज खाती जमा दाखवून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत उचल द्यायची आणि तरलता-एनपीए दोन्ही सुंदर दाखवायचं, हे करू नका. लेखापरीक्षक एप्रिलची रोजकीर्द बघतोच. आणि तो बघेल म्हणून नाही, त्या सुंदर आकड्यावर सभासद लाभांश मागतात आणि तुम्ही नसलेल्या नफ्यातून खरा पैसा बाहेर काढता. लाभांशाची १५ टक्क्यांची मर्यादा कलम ६७ मध्ये आहे, पण ते काही गाठायचं टार्गेट नाही.

## टप्पा ७: एक पानी पत्रक, दर आठवड्याला

जास्त काही नको, एका पानावर आठ ओळी: आजच्या ठेवी, नियमाने लागणारी तरलता, मोकळी तरलता, फरक, पुढच्या चार आठवड्यांची जावक, त्या काळात सुटणाऱ्या पावत्या, सगळ्यात मोठ्या बँकेतला वाटा, आणि मोठ्या २० ठेवीदारांचा वाटा. खाली व्यवस्थापकाची सही. महिन्याच्या सभेत चारही पानं इतिवृत्ताला जोडा.

तिमाहीला एकदा एक अवघड प्रश्न घाला: वरचे १० ठेवीदार एकाच आठवड्यात आले तर? नमुना संस्थेत त्यांच्याकडे समजा २ कोटी आहेत. २० लाख हातात, ५० लाखांच्या छोट्या मुदतीच्या पावत्या लगेच मोडता येतील, म्हणजे ७० लाख. उरलेले १.३ कोटी १० लाखांच्या १३ पावत्या मोडून, आणि एक टक्का दंड धरला तर १.३ लाखांच्या आसपास नुकसान. म्हणजे संस्था उभी राहते आणि किती खर्च येईल तेही आधी माहिती असतं. हेच पैसे कर्जात असते तर उत्तरच नव्हतं.

## टप्पा ८: खिडकीवर गर्दी झालीच तर

शहरात एखाद्या बँकेवर निर्बंध आल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात पतसंस्थांमध्ये विचारणा सुरू होते. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकांसारखा ५ लाखांचा विमा नाही, हे सभासदांना आता माहिती झालंय, त्यामुळे त्यांची भीती चुकीची नाही, तिला नीट उत्तर द्या.

१. पहिल्या दिवशी मुदत संपलेल्या सगळ्या ठेवी वेळेत द्या, एकालाही "उद्या या" म्हणू नका. त्या एका "उद्या या"ने दुसऱ्या दिवशी तिप्पट माणसं येतात.

२. त्याच सकाळी नवीन कर्ज वितरण थांबवा, मंजूर झालेलं सुद्धा. सोनेतारण पण.

३. पावत्या मोडायचा क्रम आधीच लिहून ठेवलेला हवा, कमी दंडाची आणि कमी दिवस झालेली आधी. पावती मोडायच्या अर्जावर लागणाऱ्या दोन सह्या करणारी माणसं पुण्यात आहेत ना, हे आत्ताच बघा. चेअरमन गावाला आणि सचिव दवाखान्यात, म्हणून पैसे असूनही मिळत नाहीत असं होतं.

४. पिग्मी एजंटांना सकाळीच बोलावून खरे आकडे द्या, किती तरलता, कोणत्या बँकांत. दिवसभर दुकानादुकानात तेच फिरणार आहेत आणि लोक चेअरमनपेक्षा त्यांना जास्त विचारतात.

५. अडचणीतल्या बँकेत आपलेही पैसे असतील तर किती ते स्वतःहून सांगा. लपवलेला आकडा दुसऱ्या कोणाकडून कळला तर मग कोणताच आकडा कोणी मानत नाही.

६. नियमाच्या खाली तरलता गेली तर निबंधक कार्यालयाला त्याच आठवड्यात लेखी कळवा, किती गेली, का गेली आणि कोणत्या तारखेपर्यंत भरून काढणार. भरून काढायचं वसुलीतून आणि कर्ज वितरण थांबवून, जादा दराच्या ठेवी गोळा करून नाही.